‘नो सिम्बॉल्स’ म्हणे!

इतर प्रोग्रॅम ज्या लायब्ररीवर व्यवस्थित चालतायत, तिच्याबद्दल एनएम बिनदिक्कत सांगतं, ‘नो सिम्बॉल्स’. त्या दोन शब्दांचा मला अजून राग येतो. एनएम म्हणजे फाइलमधले सिम्बॉल, म्हणजे फंक्शन वगैरेंची नावं, दाखवणारी लिनक्सची कमांड.

माझा प्रोग्रॅम सुरू होतानाच ‘अनडिफाइन्ड सिम्बॉल’ म्हणत बंद पडत होता. लायब्ररीची फाइल कुठे आहे हे एलडीकॉन्फिग या कमांडला लहान पी हा पर्याय लावून लगेच कळलं. हवं ते फंक्शन तिच्यात आहे का, एवढंच बघायचं होतं, आणि तिथेच घोडं अडलं.

प्रकार असा आहे. लायब्ररीच्या फाइलमध्ये सिम्बॉलचे दोन तक्ते असू शकतात. सिमटॅब हा मोठा, डीबगिंगला उपयोगी पडणारा. पॅकेज तयार करताना जागा वाचवायला तो बहुतेक वेळा स्ट्रिप केलेला, म्हणजे काढून टाकलेला असतो. दुसरा डायनसिम. त्याला हात लावत नाहीत, कारण प्रोग्रॅम सुरू होताना त्याला लायब्ररी जोडून देणारा डायनॅमिक लिंकर फंक्शनं त्यातूनच शोधतो. नुसतं एनएम चालवलं की ते फक्त सिमटॅब बघतं आणि तो नसला की हात वर करतं. डायनसिमबद्दल अवाक्षर काढत नाही! मी वाचलेल्या सूचनाही नुसत्या एनएमपाशीच संपत होत्या. तेव्हा हा संदेश दिसला म्हणून लायब्ररी खराब आहे असं समजू नका, पॅकेज पुन्हा टाकत बसू नका. एनएमला कॅपिटल डी लावा.

डी लावला आणि नावांची रांग लागली. ग्रेप या कमांडनं त्यात शोधलं तर माझं फंक्शनही सापडलं, पण त्याच्या आधी यू होता. टी म्हणजे फंक्शन याच लायब्ररीत आहे. यू म्हणजे ते हिलाच दुसरीकडून हवंय. नुसतं नाव दिसलं म्हणून खूश होऊ नका, आधीचं अक्षर वाचा. ‘डिफाइन्ड-ओन्ली’ हा पर्याय दिला तर यूवाली नावं गळतात. लायब्ररीवर एलडीडी ही दुसरी कमांड लहान आर लावून चालवली, तर न सापडलेले सिम्बॉल एकत्र दिसतात. माझ्याकडे फंक्शन पुरवणारी दुसरी लायब्ररी जुन्या आवृत्तीची निघाली. ती अद्ययावत केली आणि प्रोग्रॅम सुरू झाला. काय हायसं वाटलं!

हो, सी प्लस प्लसची लायब्ररी असेल तर नावं अगम्य दिसतात. डीसोबत कॅपिटल सी द्या, वाचता येतील. एनएमऐवजी रीडएल्फ ही कमांड वापरणार असाल तर कॅपिटल डब्ल्यू विसरू नका, नाहीतर लांब नावं कापली जातात. आणि सी भाषेतल्या लायब्ररीत फंक्शनचं फक्त नाव मिळतं. त्याला काय काय द्यायचं ते हेडर फाइलमध्येच बघावं लागतं.