सप्लायच्या वायरीतला आकडा

कोल्हापूरच्या गुजरीतले, म्हणजे सराफ बाजारातले, एक मामा चांदीच्या ताटांवर, ताम्हणांवर नावं कोरून देतात. छोटं सीएनसी (कॉम्प्युटरवर चालणारं कोरायचं मशीन), तीन स्टेपर मोटरी (टप्प्याटप्प्यानं फिरणाऱ्या), २४ व्होल्टचा सप्लाय. वाय अक्षाचा ड्रायव्हर, म्हणजे मोटरला करंट मोजून देणारा भाग, मीच बदलला होता, ए४९८८ चिपचं बोटभर मॉड्यूल. आठवड्यात फोन: “सायेब, मोटर लई तापतीया. आता झाळाय फुंकणी नको, हिच्यावर ठिवलं की झालं.”

गेलो. दहा मिनिटं काम सुरळीत, मग मोटर क्षणभर दम टाकायची आणि पुन्हा पळायची. ताम्हणावरची शिरोरेघ मधेच पायरी उतरली होती. व्हीरेफ, म्हणजे करंटची मर्यादा ठरवणारा चिपवरचा व्होल्टेज, मोजला: ०.८ व्होल्ट, म्हणजे मर्यादा १ अँपिअर. मोटर १.२ अँपिअरची. खात्रीसाठी मोटरच्या सप्लायच्या वायरीत मीटर घातला, अर्धा अँपिअर. करंट तर कमीच, तेव्हा दोष वाइंडिंगचा, मोटरीतल्या तारेच्या गुंडाळीचा, असं सांगून मी मोकळा झालो. मामांनी नवी मोटर आणली. तीही तशीच तापली.

उद्यमनगरात वीस वर्षं काढली, बहुतेक शिरोलीच्या फौंड्र्यांतल्या थ्री फेज मोटरींवर. तिथं वायरीत जेवढे अँपिअर तेवढेच मोटरीत. स्टेपरचं तसं नसतं, हे मला माहीत होतं. हात मात्र सवयीनं सप्लायकडेच गेला.

या मोटरीचं वाइंडिंग अडीच ओहमचं. २४ व्होल्ट सरळ जोडले तर दहाएक अँपिअर जातील आणि मोटर जळेल. म्हणून चिप स्विच चालू करते, करंट चढू लागतो, आणि वाटेतल्या इवल्याशा सेन्स रेझिस्टरवर जो व्होल्टेज पडतो त्याच्याकडे लक्ष ठेवते. तो व्हीरेफच्या आठव्या हिश्शाला पोचला की स्विच बंद. मग काही मायक्रोसेकंद करंट वाइंडिंग आणि चिपमधल्या स्विचांच्या ब्रिजमध्येच फिरत राहतो, सप्लायकडून घेतच नाही. पुन्हा चालू, पुन्हा बंद, सेकंदाला हजारो वेळा. झोपाळ्याला अधूनमधून पायाचा रेटा दिला तरी झोका चालूच राहतो, तसं. सप्लायच्या वायरीत मला दिसला तो फक्त रेटा.

दुसऱ्या खेपेला शहाणपण सुचलं. मशीन बंद करून (चालू असताना मोटरची वायर सोडली की ड्रायव्हर गेलाच म्हणून समजा) एका वाइंडिंगच्या वायरीत मीटर घातला. चालू केल्यावर ही चिप दोन्ही वाइंडिंगना मर्यादेच्या ७१ टक्के करंट देऊन उभी राहते. यायला हवे होते ०.७. आले १.४. बरोब्बर दुप्पट!

मग भिंग काढलं. जुन्या मॉड्यूलवर सेन्स रेझिस्टर आर१०० (०.१ ओहम), नव्यावर आर०५० (०.०५ ओहम). ओहम निम्मे म्हणजे दुप्पट करंट, म्हणजे चौपट उष्णता. चिपही तापून स्वतःला बंद करत होती, तोच तो मोटरचा ‘दम’. दुकानदार म्हणाला होता, “सगळी सेमच असतात की.” त्याला काय दोष द्यायचा? मॉड्यूल उलटून बघायला मला किती वेळ लागला असता? डेटाशीट डाउनलोड करायची आणि सूत्रातला आर, म्हणजे रेझिस्टरचा आकडा, न बघता डोक्यातून घालायचा, हा आमच्या धंद्याचा रोगच आहे. अर्ध्या लोकांना तर व्हीरेफ कमीजास्त करायचा तो पॉट (छोटा स्क्रू) ‘स्पीडचा’ वाटतो.

व्हीरेफ ०.४ वर आणला, चिपवर उष्णता घालवणारा हीटसिंक चिकटवला. तासभर कोरलं. मोटरला निवांत हात लावता येत होता, शिरोरेघ सरळ. मामा खूश, चहा सांगितला. मजुरी मी घेतली नाही. “का वो?” म्हणाले, तर “राहू दे” एवढंच बोललो.

त्यांची जुनी मोटर माझ्या टेबलाखाली आहे. काल लावून बघितली. ठणठणीत आहे. मामांना अजून सांगितलेलं नाही.