बडोद्याला नेलेली पस्ती

"विमानाचा एवढा खर्च करून पस्ती आणलीस?"

माझी बॅग उघडल्यावर आईचा पहिला प्रश्न हा. रद्दीला आमच्याकडे पस्तीच म्हणतात. दांडिया बाजारात चार पिढ्या काढल्यावर तेवढं गुजराती मराठी घरातही मुरतंच. आणि बॅगेत खरोखर पस्तीच होती: सुपरमार्केटची जाहिरातपत्रकं, बेकरीच्या पावत्या, आमच्या जर्मनीतल्या कासेल गावचं कचऱ्याचं वेळापत्रक आणि स्टेशनवरच्या पिवळ्या फलकाचे छापून आणलेले फोटो. चॉकलेटं खाली कुठेतरी दबली होती.

ही फर्माईश भाचीची. ती बडोद्यातल्या एका शाळेत नववीला जर्मन शिकवते. गेल्या पावसाळ्यात तिचा फोन आला. "मावशी, मुलं पेंगतात गं. पुस्तकात एक साहेब हॉटेलात खोली मागतात, पुढच्या धड्यात त्या खोलीची चावी मागतात. नववीतल्या पोराला काय करायचीय खोली?"

मला हसू आलं, कारण मीही त्याच साहेबांबरोबर जर्मन शिकले. लग्नानंतर इथे आले तेव्हा संध्याकाळच्या वर्गात आम्ही सगळे तिशी-चाळिशीचे होतो. खोली, नोकरीचा अर्ज, डॉक्टरची वेळ हे आमचे रोजचे प्रश्न, त्यामुळे ते पुस्तक आम्हाला चाललं. चौदा वर्षांच्या मुलांना ते कसं चालावं?

मग मी मोठ्या उत्साहाने तिला आठवडाभर लिंका पाठवत सुटले. रंगांची गाणी, प्राण्यांची गाणी, टाळ्या वाजवत आकडे म्हणणारं अस्वल. तिने एक गाणं वर्गात लावलंही. मागच्या बाकावरची पोरं इतकी खिदळली, की पुढे महिनाभर कुणाला हाक मारायची झाली तर ती अस्वलाच्या आवाजात मारत. इथे माझ्या डोक्यात पहिल्यांदा प्रकाश पडला. या मुलांची जर्मन बालवाडीची आहे, पण डोकं नववीचं आहे. तयार साहित्य एक तर बालवाडीसाठी असतं, नाही तर खोली मागणाऱ्या साहेबांसाठी. मधल्या वयाच्या वाट्याला फार थोडं येतं.

आणि त्या वयाला चारचौघांत बावळट दिसण्याची भीती फार. म्हणून शब्द सोपे हवेत, पण काम खरं हवं. असे कागद माझ्या घरात रोज कचऱ्यात जात होते!

जाहिरातपत्रकाचंच घ्या. त्यात क्रियापदं जवळजवळ नसतात. बटाटे, दूध, चीज, किंमत, चित्र, संपलं. भाचीने वर्गाचे गट पाडले आणि सांगितलं: चार माणसं, तीन दिवस, चाळीस युरो. काय घ्याल? मी त्या दिवशी मागे बसून पाहत होते. एका गटाने बारा युरो चॉकलेटांतच उडवले. दुसऱ्या गटात एक जैन मुलगी होती. तिच्यासाठी काय घ्यायचं यावर अशी जुंपली, की भांडण गुजरातीत आणि वस्तूंची नावं जर्मनमध्ये. फ्लॉवरच्या गड्ड्याची किंमत रुपयांत काढल्यावर "खंडेराव मार्केटमधे एवढ्यात पिशवी भरेल" असं एकजण पुटपुटला. बेकरीच्या पावतीवरचे १,९९ मुलांनी आधी एकशे नव्याण्णव वाचले, कारण जर्मन लोक दशांशचिन्हाच्या जागी स्वल्पविराम देतात. (पावत्या माझ्याकडे ढिगाने आहेत. २०२० पासून इथे एका पावासाठीही पावती देणं कायद्याने बंधनकारक आहे. बेकरीवाले अजून कुरकुरतात.)

आकड्यांची आणखी एक गंमत. जर्मनमध्ये सत्तेचाळीस म्हणताना आधी सात, मग चाळीस: झीबेन-उंट-फियर्त्सिश. इंग्रजी माध्यमाची मुलं इथे अडखळतात. मी म्हटलं, अरे, आपल्याकडेही आधी सात आणि मगच चाळीस नाही का? वर्गात शांतता. मराठी घरातल्या मुलांनाही सत्तेचाळीस म्हणजे फॉर्टी सेव्हन हे ठामपणे सांगता येईना. मग पुढचा अर्धा तास मराठी, गुजराती आणि जर्मन आकडे फळ्यावर शेजारी शेजारी. एकोणतीसपाशी गाडी अडली, कारण आपण तिसातून एक वजा करतो आणि जर्मन माणूस सरळ नऊ-वीस म्हणतो. जर्मन शिकवायला गेलेल्या वर्गाने मराठी आकड्यांची उजळणी करून घेतली, याचा मला आतून फार आनंद झाला. भाचीला अभ्यासक्रमाची घाई होती, ती माझ्याकडे डोळे वटारून बघत होती.

स्टेशनच्या फलकावर पिवळा कागद म्हणजे सुटणाऱ्या गाड्या, पांढरा म्हणजे येणाऱ्या. काम असं: मावशी नऊला कासेलहून निघणार आहे, तिला गाडी शोधून द्या. त्यात भाचीने मुद्दाम एक वेळ तोंडी सांगितली, "हाल्ब नॉयन". हाल्ब म्हणजे अर्धा, नॉयन म्हणजे नऊ, म्हणून निम्म्या वर्गाने साडेनऊ लिहिले. पण जर्मन माणसाच्या लेखी तो नवाकडे जाताना अर्ध्या वाटेवर असतो, म्हणजे साडेआठ. मीही पहिल्या वर्षी याच चुकीने एका जेवणाला तासभर उशिरा पोचले होते. ते सांगितल्यावर मुलांना माझ्याबद्दल बरीच आपुलकी वाटू लागली.

सगळ्यात रंगला तो कचरा. आमच्या गावात कागद निळ्या डब्यात, ओला कचरा तपकिरी, पॅकिंग पिवळ्यात, उरलेलं काळ्यात, आणि कुठला डबा कोणत्या तारखेला उचलणार याचं वर्षभराचं वेळापत्रक घरी येतं. वार, महिने, रंग, तारखा, सगळं एका कागदावर. चहाची पुरचुंडी कुठे? तेलकट पिझ्झाचा खोका कागदात का नाही? हाच तक्ता मग भाचीने व्हरांड्यात चिकटवला. जोडीतल्या एकाने धावत जाऊन वाक्य वाचायचं, लक्षात ठेवायचं, परत येऊन दुसऱ्याला सांगायचं, त्याने लिहायचं. याला जर्मनीत लाउफडिक्टाट म्हणतात, पळतं श्रुतलेखन. शेजारच्या वर्गातल्या बाई दोनदा बाहेर येऊन गेल्या.

खेळ शोधायला फार लांब जावं लागलं नाही. जर्मन मुलं 'श्टाट, लांट, फ्लुस' खेळतात: एक अक्षर घ्यायचं आणि त्यावरून शहर, देश, नदी लिहायची. म्हणजे आपलं नाव-गाव-फळ-फूल! नियमसुद्धा समजवावे लागले नाहीत. मुलांनी 'शब्द' हा रकाना वाढवला, कारण दरवर्षी जर्मनीत तरुणांचा शब्द निवडतात, युगेंटवोर्ट. २०२१ चा होता क्रिंज आणि २०२४ चा ऑरा. "हे तर आम्हीपण बोलतो!" पोरं चाट पडली. बडोद्याचा शब्द निवडायची वेळ आली तेव्हा 'बका', म्हणजे 'मित्रा', प्रचंड मतांनी निवडून आला.

इंटरनेटवरचं सगळंच टाकाऊ नाही, हेही सांगते. डॉइच वेले या जर्मन प्रसारणसंस्थेचा 'निकोस वेग' हा फुकट व्हिडिओ अभ्यासक्रम भाचीच्या वर्गात चालतो, कारण त्यातला निको तरुण आहे आणि सुरुवातीलाच त्याची बॅग हरवते. ती मध्येच थांबवते आणि पुढे काय होणार ते विचारते. गोएथे इन्स्टिट्यूटची दहा ते सोळा वयासाठी 'फिट इन डॉइच' नावाची परीक्षा आहे, तिचे नमुने वयाला धरून असतात. पण शाळेत प्रोजेक्टर मिळेल त्याच दिवशी हे सगळं. पस्तीला वीज लागत नाही.

आईला मात्र हे पटवायला सयाजीराव मदतीला आले. १९०६ साली त्यांनी संस्थानभर प्राथमिक शिक्षण सक्तीचं केलं, १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेतून आणले, आणि मग लाकडी पेट्यांतून पुस्तकं खेडोपाडी फिरू लागली. "म्हणजे मी पेटीच आणलीय गं," मी म्हटलं. आई म्हणाली, "त्यांच्या पेटीत पुस्तकं होती." तरी दुसऱ्या दिवशी तिने इस्त्रीवाल्याकडून चुरगळलेली पत्रकं सरळ करून आणून दिली.

मी परतल्यावर दीड महिन्याने कासेलला एक जाड पाकीट आलं. नववीने आपली पस्ती पाठवली होती. पतंगाच्या पाकिटाचा कागद, सिटी बसचं तिकीट, लिलो चिवड्याचं रिकामं पाकीट, आणि एका सेव उसळवाल्याचं दरपत्रक, त्यावर मुलांनी प्रत्येक पदार्थापुढे जर्मनमध्ये लिहिलेलं. शेजारच्या चौदा वर्षांच्या मुलाला मी ते दाखवलं. तो बराच वेळ बघत बसला आणि मग एका ओळीवर बोट ठेवून विचारलं, हे 'जैन' काय?

प्रश्न बडोद्याला पाठवला. त्याच संध्याकाळी उत्तर आलं, त्या जैन मुलीच्याच अक्षरात: ओने त्स्वीबेल, ओने क्नोबलाउख, ओने कार्टोफेल. कांद्याशिवाय, लसणीशिवाय, बटाट्याशिवाय. कांदा-लसूण मुलाने सोडून दिले. बटाट्यापाशी मात्र तो थबकला आणि त्याने एकच शब्द लिहून परत पाठवायला सांगितला: "वारुम?" का?

त्याचं जर्मनमधलं उत्तर अजून यायचंय. भाची म्हणते, सध्या सगळा वर्ग जमिनीखालचे जीव शब्दकोशात शोधतोय.