पंचम हलत होता

विलंबित सुरू होऊन सहा-सात मिनिटं झाली असतील. गायकाने डावा हात मागे नेऊन तंबोऱ्याकडे इशारा केला: पंचम बघा. उजवीकडच्या शिष्येने दांडीला कान लावला, पंचमाच्या तारेचा मणी केसभर सरकवला, पुन्हा ऐकलं. दोनच मिनिटांनी तोच इशारा परत आला, आणि या वेळी डावीकडच्या तंबोऱ्याकडेही.

ठिकाण अंबाजोगाई. एका जुन्या दगडी वाड्याचं आवार, फेब्रुवारीतली संध्याकाळ, राग पूरियाधनाश्री. चित्रीकरण आमच्याकडे होतं. तीन कॅमेरे सेकंदाला 25 फ्रेमवर, शटर 1/50. आवाजासाठी आठ चॅनेलचा रेकॉर्डर, 48 किलोहर्ट्झ, 24 बिट. गळ्याला एक माइक, तबल्याला दोन, पेटीला एक, दोन तंबोऱ्यांना एकेक आणि श्रोत्यांच्या बाजूला दोन. स्टेजवरच्या सहा माइकच्या केबल स्टेजजवळ फोडून एक फाटा साउंडवाल्याच्या मिक्सरला, दुसरा आमच्या रेकॉर्डरला जात होता. या फाट्यात दोन्ही बाजू विजेच्या दृष्टीने वेगळ्या ठेवणारा ट्रान्सफॉर्मर नव्हता, साध्या वाय केबल होत्या. पुढचं सगळं तिथूनच निघालं.

पंचम बिघडला की पहिला संशय हवेवर जातो. स्टेजचे दिवे तापले की तार प्रसरण पावते आणि तंबोरा उतरतो. त्याच उष्णतेने तबल्याची पुडी सुकून ताणते आणि तबला चढतो. मराठवाड्याच्या कोरड्या हवेत हा ओढाताणीचा प्रकार नेहमीचा आहे. पण दोन वेगळ्या लाकडांचे, वेगळ्या तारांचे तंबोरे एकाच क्षणी, एकाच गतीने हलू लागत नाहीत. हेडफोनमध्ये दोन्हींचे चॅनेल आलटून पालटून ऐकले, तर दोन्हींत सेकंदाला दोन-अडीच हेलकावे. लय तंतोतंत सारखी. म्हणजे हलणारी वस्तू तंबोऱ्यात नव्हती, तिसरीच कुठली तरी होती.

इथे थोडा हिशेब मांडावा लागेल. गायकाचा षड्ज (सा) पेटीची काळी एक, म्हणजे 138.6 हर्ट्झ. तंबोऱ्याच्या जोडीच्या तारा त्यावर, खर्ज त्याच्या निम्म्यावर, आणि मंद्र (खालच्या सप्तकातला) पंचम षड्जाच्या पाऊणपट, म्हणजे जवळजवळ 104. विजेच्या यंत्रांतून आवाजात शिरणारी घरघर 50 हर्ट्झची आणि तिची दुप्पट 100 ची. गळ्याच्या आणि तंबोऱ्याच्या चॅनेलवर साउंडवाल्याने 80 हर्ट्झचा लो-कट, म्हणजे त्याखालचा आवाज कापणारी गाळणी, लावला होता. त्यामुळे 50 चा भाग गाळला गेला आणि 100 च्या आसपासचा तसाच राहिला. तो पंचमाच्या अगदी शेजारी बसतो. दोन स्वर इतके जवळ आले की कानाला दोन ऐकू येत नाहीत, एकच स्वर हलताना ऐकू येतो. रागात पंचम वर्ज्य असता, मारवा किंवा पूरिया असता, तर तंबोरा निषादावर लागला असता आणि घरघर घरघरीसारखीच उघडी ऐकू आली असती.

मग दुपारी साउंड चेक करताना ती का सापडली नाही? हा प्रश्न मला सर्वांत जास्त टोचला, कारण तंबोरे एकेकटे वाजवून आम्ही दहा मिनिटं ऐकले होते.

लॅपटॉपवर आवाजातल्या फ्रीक्वेन्सी सुट्या करून दाखवणारा स्पेक्ट्रम उघडला. नेहमीच्या 8192 नमुन्यांच्या मापाला 48 किलोहर्ट्झवर एक खाना 5.86 हर्ट्झचा पडतो, त्यात हे दोन स्वर एकाच ढिगात मिसळतात. माप 1,31,072 केलं, खाना 0.37 हर्ट्झवर आला, आणि एका सुळक्याचे दोन झाले: एक 104 ला, दुसरा 101.6 ला. एवढं बारीक माप घेतलं की एका चित्रासाठी पावणेतीन सेकंदांचा आवाज लागतो, म्हणून पडदा सावकाश हलतो. तेवढी वाट बघावी. 101.6 चं निम्मं 50.8. आपली लाइनची वीज 50 च्या इतकी वर सहसा जात नाही. ही फ्रीक्वेन्सी जनरेटरची होती.

आमच्यातला एक जण वाड्यामागे पळाला. जनरेटर 25 केव्हीएचा, त्याच्या पॅनेलवर फ्रीक्वेन्सी दिसते. जनरेटरवाल्याने सांगितलं, "दुपारी बावन्न व्हतं साहेब. लाइटी लागल्यापासून इंजिन दबायलंय, आता पन्नास पॉइंट आठ दाखवायलंय."

उत्तर त्यातच होतं. डिझेल जनरेटर बहुधा रिकामा असताना 52 हर्ट्झवर लावतात, म्हणजे इंजिन मिनिटाला 1560 फेरे घेतं. भार वाढेल तसा वेग सांभाळणारा गव्हर्नर त्याला खाली येऊ देतो आणि पूर्ण भाराला ते 1500 फेऱ्यांवर, 50 हर्ट्झवर येतं. दुपारी भार नगण्य होता, म्हणून घरघर 104 ला होती, पंचमाच्या पोटात बेमालूम लपलेली. संध्याकाळी एक-एक किलोवॅटचे बारा हॅलोजन लागले, इंजिन दबलं आणि घरघर खाली सरकून पंचमापासून सुटी झाली. कॅमेऱ्यानेही हे दुपारीच सांगितलं होतं. ओसरीतल्या चोकवाल्या ट्यूबलाइटखाली चित्रात एक फिकट पट्टा वर सरकत होता. 1/50 च्या शटरला 50 हर्ट्झचे दिवे स्थिर दिसतात, 52 चे नाही. ट्यूब फ्रेममध्ये येणार नव्हती, म्हणून तो पट्टा सोडून दिला. तो सोडायला नको होता.

घरघर शिरली कुठून? साउंडवाल्याचा मिक्सर स्टेजच्या बोर्डावर होता. आमचं टेबल दिव्यांच्या बोर्डावर, तीसेक मीटर लांब. दोन्ही बोर्डांना वेगळी अर्थिंगची तार, आणि वाय केबलमधल्या तारांभोवतीच्या धातूच्या जाळीने दोन्ही अर्थ एकमेकांना जोडलेले. त्या वेढ्यातून लॅपटॉपच्या चार्जरची गळती वाहत होती. चार्जरमध्ये एसीचा डीसी होताना दुप्पट फ्रीक्वेन्सीची लहर उरते, तीच मिक्सरमध्ये गेली आणि तिथून मॉनिटरमध्ये, म्हणजे गायकाकडे तोंड केलेल्या स्पीकरमध्ये. ऑपेराच्या चित्रीकरणात हा धोका वेगळा असतो. न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन ऑपेराने डिसेंबर 2006 पासून चित्रपटगृहांत थेट प्रक्षेपणं सुरू केली. तिथे गायक माइकशिवाय सभागृह भरतो, माइक फक्त प्रक्षेपणासाठी असतात. रेकॉर्डिंगमध्ये घरघर शिरली तर ती रेकॉर्डिंगपुरती राहते. आपल्या बैठकीत ती मॉनिटरमधून गायकाच्या कानात परत येते आणि तो ज्या स्वरावर उभा आहे तोच हलवते.

आधी लॅपटॉपचा चार्जर काढला. सुळका बराच खाली आला, पण गेला नाही. उरलेली गळती रेकॉर्डरच्या अ‍ॅडॅप्टरची. तो थेट उपटला असता तर चालू फाइल अर्धवट बंद होऊन तिचं हेडर कोरं राहिलं असतं. म्हणून दुसऱ्या पॉवर इनपुटला बॅटरी जोडली, पडद्यावर तिची खूण आल्याची खात्री केली आणि मगच अ‍ॅडॅप्टर काढला. सुळका नाहीसा झाला. अशा वेळी प्लगची अर्थिंगची पिन तोडायचा सल्ला कुणीतरी देतोच. तो कधीही ऐकू नये. यंत्रात बिघाड झाला तर त्याच्या धातूच्या अंगातून आणि माइकच्या जाळीतून वीज थेट गायकाच्या हाताशी येते.

आणि तरीही पंचम हलत होता.

कारण उजवीकडच्या शिष्येने एवढ्या वेळात मणी सरकवत सरकवत तिचा पंचम घरघरीला नेऊन मिळवला होता. तसं केल्यावर तिला हेलकावे कमी वाटले, ते बरोबरच होतं. पण तो स्वर पंचमापासून जवळजवळ 40 सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराच्या निम्म्याला थोडा कमी, उतरलेला होता. घरघर गेली आणि दोन तंबोरेच एकमेकांशी भांडू लागले. तिला खूण करणं शक्य नव्हतं, आम्ही श्रोत्यांच्या मागे अंधारात. दीड-दोन आवर्तनं तशीच गेली. मग गायकाने स्वतःच मान वळवून मंद्र पंचम लांब धरला. तिने तो ऐकला, मणी परत सरकवला. दोन्ही तंबोरे एक झाले. रेकॉर्डरच्या घड्याळावर 31 मिनिटं झाली होती.

संकलनात पहिल्या 31 मिनिटांचा प्रश्न उरला. 101.6 वर अरुंद नॉच, म्हणजे तेवढीच फ्रीक्वेन्सी कापणारी गाळणी, लावून पाहिला, पण दिव्यांचा भार बदलेल तशी घरघर अर्धा-पाऊण हर्ट्झ इकडे-तिकडे होत होती आणि नॉच तेवढा रुंद केला की पंचम पोकळ होत होता. शेवटी तंबोऱ्यांचे दोन्ही चॅनेल त्या भागात बंद ठेवले. गळ्याच्या माइकमध्ये तंबोरा मागून येतोच, तेवढा पुरला. घरघर त्यातही आहे, पण पंधरा-सोळा डेसिबल खाली.

चित्राचा एक निर्णय मात्र सोपा होता. आयोजकांना मणी सरकवतानाचे शॉट नको होते, बिघाड दिसतो म्हणून. आम्ही दुसऱ्या कॅमेऱ्याचा तो लांब शॉट ठेवला: दांडीला टेकलेला कान, मिटलेले डोळे, घोडीखालच्या मण्यावर दोन बोटं, आणि गायकाच्या पंचमाला तार जुळली त्या क्षणी मण्यावरून अलगद उचललेली बोटं.