कॉलम म्हणाला तीन, निघाले दोन

अमिनो आम्लांच्या क्रमावरून काढलेलं माझ्या प्रोटीनच्या एका साखळीचं वजन 52 किलोडाल्टन (रेणूंचं वजन मोजायचं एकक). साखळ्या सुट्या करून वजनानुसार वेगळ्या करणाऱ्या एसडीएस जेलवर बँडही तिथेच. पण जेल फिल्ट्रेशनला, म्हणजे सच्छिद्र मण्यांच्या कॉलममधून मोठे रेणू आधी बाहेर काढणाऱ्या पद्धतीत, ते बरोबर आल्डोलेज या तुलनेसाठीच्या प्रोटीनच्या जागी बाहेर पडलं, आणि आल्डोलेज 158 किलोडाल्टनचं. बावन्न त्रिक एकशे छप्पन्न! लॅबमध्ये सगळ्यांनी ट्रायमर (तीन साखळ्यांचा रेणू) म्हणून शिक्का मारून टाकला. मला मात्र ते इतकं चपखल जुळणंच खटकत होतं.

कारण कॉलम वजन करतच नाही. मण्यांच्या छिद्रांत रेणू कितपत शिरणार, हे त्याच्या स्टोक्स त्रिज्येवर, म्हणजे द्रवात तो जेवढ्या गोळ्यासारखा वागतो त्या गोळ्याच्या त्रिज्येवर ठरतं. फायब्रिनोजेन 340 किलोडाल्टनचं, थायरोग्लोब्युलिन 669 चं. तरी फायब्रिनोजेन आधी बाहेर येतं, कारण ते सुमारे 46 नॅनोमीटर लांब आहे. म्हणजे माझ्या हाती फक्त आल्डोलेजची त्रिज्या आली होती, 4.8 नॅनोमीटर.

दुसरा आकडा हवा होता तो अवसादनाचा, म्हणजे वेगाने फिरवल्यावर रेणू किती लवकर खाली बसतो याचा; तो एस या एककात मोजतात. नळीत वरून खाली दाट होत जाणारा, 15 ते 40 टक्के ग्लिसरॉलचा ग्रेडियंट ओतला, वर नमुना अलगद सोडला. इथे हात थरथरला की थर मोडलाच. सोबतच्या नळीत तुलनेसाठी ज्ञात प्रोटीनं: कॅटालेज (11.3 एस), आल्डोलेज (7.3) आणि बोवाइन अल्ब्युमिन (4.3). रात्रभर रोटर फिरला. सकाळी नळीच्या तळाला सुईने भोक पाडून थेंब थेंब गोळा केले. सुरुवातीचे थेंब मधासारखे जड, सुटता सुटत नाहीत. थेंब जेलवर तपासले, तर नळीत माझं प्रोटीन आल्डोलेजच्या बरंच वर, अल्ब्युमिनच्या थोडं खाली थांबलं होतं. प्रमाणरेषेवरून 5.2 एस.

आता नुसता गुणाकार. वजन (डाल्टनमध्ये) = 4205 × एस × त्रिज्या (नॅनोमीटरमध्ये). 4205 × 5.2 × 4.8, म्हणजे सुमारे 105 किलोडाल्टन. डायमर, दोनच साखळ्या! संगणक लागला नाही, पाकिटाच्या मागे हिशोब झाला. दोन्ही मोजमापांत थोडीफार चूक धरली तरी 156 पर्यंत काही जात नाही.

मग आकार. बावन्न दुणे 104 किलोडाल्टनचं प्रोटीन घट्ट गोळा असतं तर त्रिज्या 0.066 × वजनाचं (डाल्टनमध्ये) घनमूळ, म्हणजे 3.1 नॅनोमीटर भरली असती. 4.8 भागिले 3.1, जवळपास 1.55. गोलसर प्रोटीनं 1.2–1.3 च्या आसपास असतात, म्हणजे आमचं बऱ्यापैकी लांबट. पण ताठ काडी की गोळ्याला लोंबणारी सैल शेपटी, हे या गुणोत्तरातून कळत नाही. त्यासाठी नमुना निगेटिव्ह स्टेनिंगला, म्हणजे भोवती रंग देऊन इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली बघायला दिला आहे. तोवर आकृतीतलं ‘ट्रायमर’ खोडलंय.