माझा अनुभव: पेठ-सुरगाण्याच्या ओहोळांवर वनराई बंधारा

वनराई बंधारा म्हणजे मातीने भरलेल्या गोण्या रचून ओहोळावर घातलेला तात्पुरता बांध. नाशिकहून रविवारी श्रमदानाला निघणाऱ्यांना गोण्या रचायची घाई असते. फोटोही रचण्याचेच येतात. पण आमच्या गटाने पेठ-सुरगाण्याकडे जे बंधारे बांधले, त्यांत पाणी टिकलं की नाही ते ठरलं पहिली गोणी ठेवण्याआधीच. वनराई बंधारा वरून क्वचितच फुटतो. तो गळतो तळातून आणि काठाच्या सांध्यातून.

आधी वेळेचं. परतीचा पाऊस सरला आणि भात कापून खळ्यावर आला की गावातली माणसं मोकळी होतात, आणि ओहोळही अजून वाहता असतो. साधारण ऑक्टोबरच्या अखेरीपासून नोव्हेंबरअखेरपर्यंत. त्याआधी बांधलात तर परतीच्या एका जोरदार सरीत सगळं वाहून जातं. फार उशीर केलात तर अडवायला धारच उरत नाही. पेठ आणि सुरगाणा हे तालुके आदिवासी भागांसाठीच्या अनुसूचित क्षेत्रात येतात, तेव्हा ग्रामसभेत विषय मांडूनच जावं. नाला वनजमिनीत असेल तर वनपरिक्षेत्र कार्यालयाचं पत्र हवं. जागा मात्र गावातल्या जाणत्या माणसाला विचारा. मार्चमध्ये पाणी कुठल्या डबक्यात शेवटपर्यंत राहतं, हे नकाशापेक्षा त्या मामांना पक्कं ठाऊक असतं.

नाला तिथे अरुंद आणि सरळ हवा, वळणाला लागून नको. दोन्ही काठ भिंतीपेक्षा निदान मीटरभर उंच हवेत. वरच्या बाजूचा उतार चालत बघावा: 50 मीटरला एक मीटर उतार असेल तर मीटरभर उंचीच्या बंधाऱ्याचं पाणी मागे 50 मीटर पसरतं. उतार तीव्र असेल तर तेवढ्याच गोण्यांत नुसतं डबकं मिळतं. उंची सव्वा मीटरच्या वर नेऊ नये. सुट्या गोण्यांची भिंत त्याहून जास्त दाब झेलत नाही.

आता हिशोब. लांबी 10 मीटर, उंची 1 मीटर, तळाची रुंदी 2 आणि माथ्याची 1 मीटर धरली तर 15 घनमीटर होतात. गोण्यांच्या दोन बाजूंमध्ये भरायच्या चिकणमातीच्या गाभ्याचे 3 वजा करा, 12 उरले. सिमेंटची रिकामी गोणी दोन तृतीयांश भरली की साधारण 50 बाय 40 बाय 15 सेंटिमीटर बसते, म्हणजे 0.03 घनमीटर. गोण्या 400. काठाकडे नाला उथळ असल्याने थोड्या कमी लागतात, तरी 50 जास्तीच्या न्याव्यात, कारण जुन्या गोण्या भरताना उसवतात. गोणीमागे पाऊण मीटर सुतळी आणि तिघांमागे एक दाभण. एकाने तोंड धरायचं, दुसऱ्याने फावड्याने भरायचं, तिसऱ्याने शिवायचं. अशी टोळी तासाला 12 ते 15 गोण्या काढते. भरलेली गोणी 45-50 किलोची होते, ती दोघांनीच उचलावी.

गच्च भरलेली गोणी गोल होते, शेजारणीला टेकत नाही आणि फटी राहतात. म्हणून दोन तृतीयांशच. भरायला रेती किंवा मुरूममिश्रित माती चांगली. काळी माती भिजली की लोणी होते, सुकली की भेगाळते. माती काठ खणून काढू नये, काठ हाच बंधाऱ्याचा खांदा. भिंतीला लागूनचा गाळही उपसू नये, तोच तळ मुजवतो. माती प्रवाहाच्या वरच्या अंगाला पाच-सहा मीटर जाऊन घ्यावी.

तळाचं काम आदल्या दिवशी उरकावं. वर छोटा मातीचा बांध घालून धार चार इंची पाइपातून खाली सोडायची. मग भिंतीच्या जागेवरची सुटी वाळू, गोटे, पालापाचोळा कठीण थर लागेपर्यंत काढायचा. दगड हाताने नव्हे, पहारीने उलटा, थंडीत विंचू खाली दडलेले असतात. मधोमध 60 सेंटिमीटर रुंद, 30 सेंटिमीटर खोल चर खणून दोन्ही टोकांना काठात अर्धा मीटर आत न्यायचा. त्यात चिकणमाती ओली करून पायांनी तुडवत भरायची, ढेकळं टाकून नाही. तळाला काळा कातळ लागला तर चर होत नाही. मग भेगा घासून धुवायच्या आणि त्यांत चिकणमाती ठासायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि त्याला माणसं कायम कमी पडतात.

एवढं झालं की रचणं सोपं. तळाच्या थरात गोण्या प्रवाहाच्या दिशेने लांब ठेवायच्या, पुढचा थर आडवा, असे सात थर. विटांसारखे सांधे मोडायचे, शिवलेलं तोंड भिंतीच्या आत, प्रत्येक थर पायाने दाबून घ्यायचा. दोन्ही बाजू चढतील तसा मधला गाभा तुडवत वर आणायचा. मधे दोन-अडीच मीटर लांबीत शेवटचा थर ठेवायचाच नाही: तो सांडवा. त्याच्या खाली पडत्या पाण्याजागी चपटे दगड पसरायचे. हिवाळ्यात कसला पूर, म्हणून हे टाळलं जातं, पण नाशिक जिल्ह्याला अवकाळी नवी नाही.

पाइप बुजवल्यावर पाणी चढू लागतं आणि खालून झिरपताना दिसतं. ते नितळ असेल तर काळजी नको, गाळ बसेल तसं कमी होतं. गढूळ आलं तर आतली माती वाहतेय, लगेच हात घाला. बुजवायचं मात्र वरच्या बाजूनेच. पाण्यावर राख किंवा भुसा टाका, ओढला जाईल तिथे भोक. तिथे पेंढा मिसळलेली चिकणमाती दाबा. खालून गोण्या लावल्या तर पाणी दुसरी वाट काढतं.

उन्हाने गोण्यांचं विणकाम ठिसूळ होतं, म्हणून उघड्या गोण्यांवर मातीचा लेप द्यावा. मेच्या शेवटी गोण्या फोडून प्लास्टिक उचलायलाही माणसं लागतात. नाहीतर पहिल्या पुरात त्या चिंध्या नदीत जातात. ही तारीख बांधतानाच ठरवून गावात सांगून ठेवावी.