आमची वाटचाल : धुळ्यातील जहाजे

आम्ही जहाजांच्या प्रतिकृती बनवतो म्हटल्यावर, धुळ्यात समुद्र नाही, हे आम्हाला अनेकांनी ऐकवले आणि त्याचे कधी वाईट वाटले नाही. आमच्याकडे चार वर्षे काम शिकून, आमच्याच आराखड्यांवर स्वतःचे दुकान थाटणाऱ्या माणसाने ते गिऱ्हाइकांना सांगत फिरावे, याचे मात्र आजही वाटते.

सुरुवात दोघांनी केली. लाकूडकाम माझे, आणि धातूचे सारे काम सराफ बाजारातील काकांचे. सोन्याची तार ओढण्याची जंतरपट्टी त्यांनी पितळेसाठी वापरली आणि कठड्याच्या अर्ध्या मिलिमीटर तारेला फुंकणीच्या ज्योतीवर असा डाग, म्हणजे झाळ, दिला की भिंगातूनही सांधा दिसू नये. नौदलात १९९७ साली दाखल झालेली ‘तरंगिणी’ ही शिडांची नौका ५४ मीटर लांबीची. १:५० प्रमाणात ती १०८ सेंटिमीटर होते, आणि तेवढ्यात सागाचा कणा, हेदूच्या फळ्या, पितळी कठडे, सुती दोर व कापडी शिडे एकत्र नांदवावी लागतात.

एका वर्षी ती नांदली नाहीत. मुंबईच्या एकाच मागणीच्या पाच प्रतिकृती आम्ही मे महिन्यात, पारा ४५ अंशांना टेकलेला असताना जोडल्या. लाकूड ठणठणीत कोरडे, फळीला फळी घट्ट भिडवलेली. आम्हाला त्याचाच अभिमान होता. आषाढात त्या फळ्या दमट हवेने रुंदीला फुगल्या, सांध्यांवरचा रंग फुटला आणि ओल धरून आखडलेल्या सुती दोरांनी डोलकाठ्या वाकवल्या. पाचही परत आल्या, घेतलेली उचल फेडण्यासाठी रंधायंत्र विकावे लागले, आणि त्याच आठवड्यात आमचा तो शिष्य निघून गेला. त्याची जहाजे आता लेझरने कापलेल्या एमडीएफची, म्हणजे लाकडाचे तंतू दाबून केलेल्या पाट्यांची असतात व कठड्याला डाग नव्हे, नुसता गोंद असतो, असो.

काका गेले नाहीत. वर्षभर त्यांनी एक पैसाही उचलला नाही. पुढची वर्षे बरी गेली.

या कामात येऊ पाहणाऱ्यांनी सुती दोर वापरायचाच असेल तर त्याला मेण चोळून घ्यावे, आणि ॲक्रिलिकची लांब पट्टी लाकडावर दोन्ही टोकांना पक्की चिकटवू नये, कारण उन्हाळ्यात ती लाकडापेक्षा कितीतरी अधिक वाढते आणि मध्येच उचलली जाते. लेझर यंत्र घेण्याआधी कानस नीट धरायला शिकावे, हेही सांगून ठेवतो.

परत आलेल्यांपैकी एक प्रतिकृती काकांनी मोडू दिली नाही. पावसाळ्यात तिची मधली डोलकाठी अजूनही मागे कलते; दिवाळीच्या सुमारास ती सरळ झाल्याशिवाय आम्ही नव्या फळ्या जोडायला घेत नाही.