मनमाड ते कक्कबे: कॉफीच्या गावात पाच दिवस

देवळालीला आर्टिलरीत नोकरी झालेले एक सुभेदारसाहेब आहेत, मूळचे कोडगूचे म्हणजे आपण ज्याला कूर्ग म्हणतो तिथले. नोकरीत असताना आमच्या मळ्यावर द्राक्षं न्यायला यायचे, वडिलांशी गट्टी जमली ती रिटायर झाल्यावरही टिकली, दर दिवाळीला फोन आणि दर फोनला "एकदा कॉफी बघायला या". वडील गेले, त्यांचं जाणं राहूनच गेलं. यंदा जानेवारीच्या शेवटी बाग धाकट्या भावाच्या हवाली केली आणि बायकोला घेऊन गेलोच. लिहून ठेवतोय कारण आपल्याकडचे बरेच जण तिकडं जातात ते मडिकेरीत, म्हणजे कोडगूच्या मुख्य शहरात, दोन दिवस धबधबा, पॉइंट, मसाल्याची दुकानं करून परत येतात, गाव राहूनच जातं.

जायचं असं. कोडगूत रेल्वे नाही, अख्ख्या जिल्ह्यात एक स्टेशन नाही. आम्ही मनमाडहून कर्नाटक एक्सप्रेसनं बंगळूर, तिथून म्हैसूर, म्हैसूरहून एसटीसारखी त्यांची सरकारी बस विराजपेटला आणि पुढं छोटी बस साहेबांच्या कक्कबे गावाकडं. शेवटच्या टप्प्याला गाड्या कमी आहेत, विराजपेटला उशिरा पोचलात तर मुक्काम तिथंच करा, अंधारात जीप करून वर जाऊ नका. पैसे विराजपेटलाच काढून घ्या. फोनला रेंज ठरावीक जागीच येते. पहिल्या संध्याकाळी मी घरी फोन लावायला म्हणून रस्त्याच्या वळणापर्यंत चालत गेलो तर साहेब मागून धावतच आले आणि हाताला धरून परत नेलं, हत्तींची वेळ झाली होती. दिवस मावळला की मळ्यातून पायी फिरायचं नाही, हे तिथल्या लहान पोरालाही माहीत असतं. फणस पिकायला लागले की हत्तींचं येणं आणखी वाढतं.

मळा बघून पहिलं काय वाटलं तर हा मळा नाही, हे जंगल आहे. वर सिल्व्हर ओक, शिसव, फणस, त्यांच्या खोडांवर काळ्या मिरीचे वेल चढवलेले आणि त्या सावलीत खाली कॉफी. आपण द्राक्षाला ऊन मिळावं म्हणून बांधावरचं झाडसुद्धा ठेवत नाही, आणि तिथं सावली किती ठेवायची, कुठली फांदी कधी छाटायची यातच शेतकऱ्याची सगळी अक्कल. कॉफीच्या दोन जाती, त्यातली अरेबिका आधीच तोडून झाली होती, रोबस्टाची तोडणी चालू होती. बाया कमरेला कापड बांधून लाल फळं ओरबाडून त्यात टाकत होत्या, संध्याकाळी वजन आणि किलोवर मजुरी.

घरापुढं मोठं खळं, त्यावर फळं पसरलेली. साहेबांच्या सूनबाई लाकडी दाताळ्यानं दर थोड्या वेळानं ती वरखाली करत होत्या, संध्याकाळी दव पडायच्या आत ढीग करून ताडपत्री. सुकली का कसं कळतं विचारलं तर त्यांनी मूठभर घेऊन माझ्या कानाशी हलवली. आतलं बी खुळखुळ वाजलं. दुसऱ्या ढिगातली मूठ हलवली, ती गप्प, म्हणजे तिला अजून तीन-चार दिवस ऊन पाहिजे. मी अर्धा दिवस तिथंच बसून होतो. (पाहुण्यांनो, खळ्यावरून चपला घालून चालू नका, फोटोसाठी तर नाहीच, ते त्यांचं वर्षाचं पीक आहे.)

अख्खं फळ वाळवलं की ती चेरी, साल काढून धुऊन वाळवलं की पार्चमेंट, आणि भाव दोन्हीचा 50 किलोच्या पोत्यावर. पण खरी गोष्ट अशी की वाळलेली कॉफी गोदामात थांबते. भाव पडला तर साहेब दोन महिने विकत नाहीत. हे ऐकून मला पोटात कसंतरी झालं, कारण आपला माल वेलीवर तयार झाला की व्यापारी म्हणेल तो भाव. मागच्या साली एकजण आमचे पैसे बुडवून गेला, त्या दिवशी तरी माल थांबवायची सोय असती तर मी त्याला दिलाच नसता.

आता जमिनीचं. कोडव म्हणजे साहेबांच्या समाजात घराण्याला ओक्का म्हणतात आणि मूळ घराला ऐनमने. साहेबांचं स्वतःचं घर नवं, स्लॅबचं, पण वर टेकाडावर कौलारू ऐनमने आहे, चौक, जाड लाकडी खांब, आतल्या खोलीत पूर्वजांचा दिवा. तिथं कायम राहतं एकच कुटुंब, पण सणाला सगळा ओक्का जमतो आणि दिव्यापुढं उभा राहतो. खाली भातखाचरं, त्याला जोडून वरचं रान, त्याला बाणे म्हणतात, पूर्वी तिथं गुरं चरायची, सरपण मिळायचं, इंग्रजांनी 1834 ला कोडगू घेतल्यावर पुढं हळूहळू तिथं कॉफी आली. जम्मा म्हणून जी पिढीजात जमीन आहे ती एकट्याची नसते, उताऱ्यावर म्हणजे त्यांच्या पहाणीवर पट्टेदार म्हणून कर्त्या माणसाचं नाव आणि मागं सगळा भाऊबंद. आमच्या आजोबांची जमीन आज नऊ सातबाऱ्यांवर आहे, बांधावरून दोन चुलते बोलत नाहीत. तिथंही भांडणं आहेत, साहेब लपवत नाहीत, पण रान अखंड राहिलंय म्हणून सावली राहिली आणि सावली आहे म्हणून कॉफी, हे मला पटलं.

पण हेही लिहिलं पाहिजे. मळ्याच्या कडेला एका ओळीत खोल्या आहेत, त्याला लाइन म्हणतात. तिथं यरव या आदिवासी जमातीची कुटुंबं राहतात, पिढ्यान्पिढ्या याच डोंगरात कॉफी तोडणारी, आणि पायाखालची जागा त्यांच्या नावावर नाही. हल्ली आसामातूनही मजूर येतात. एका म्हाताऱ्या बाईशी सूनबाईंमार्फत बोललो, तिनं लहानपणापासून चार मळे बदलले, मालकीचं काय तर भांडी आणि कोंबड्या. पेठ-सुरगाण्याहून आपल्याकडं छाटणीला येणारी माणसं शेडमध्ये राहतात तेच डोळ्यापुढं आलं. आल्यावर भावाला म्हटलं, शेडला आधी संडास बांधू, मग शेततळ्याचं बघू.

तिकडं जमीन घ्यायची म्हणून जाणारे नाशिककर मला दोघं-तिघं माहीत आहेत. 2020 नंतर कर्नाटकात शेतकरी नसलेल्यालाही शेतजमीन घेता येते हे खरं, पण एजंटाच्या तोंडावर जाऊ नका. जम्मा जमीन असेल तर एका सहीवर काही होत नाही. झाडांचा हक्क वेगळा बघावा लागतो, काही जमिनींत शिसवीसारख्या झाडांवर सरकारचा वाटा असतो. तिथलाच वकील धरा, हत्तींची वाट कुठून जाते ते शेजाऱ्याला विचारा आणि उतार एकदा पावसाळ्यात बघून या. 2018 च्या ऑगस्टला मडिकेरी-सोमवारपेटच्या बाजूला डोंगरच खाली आले, कॉफीसकट. उताऱ्यावर क्षेत्र तेवढंच आणि जागेवर नुसता चिखल. माळीण आठवत असेल त्याला जास्त सांगायला नको.

चौथ्या दिवशी तलकावेरीला गेलो. कावेरी जिथं उगम पावते त्या डोंगराचं नाव ब्रह्मगिरी, आपल्या त्र्यंबकच्या डोंगराचंच. बायकोनं कुशावर्ताचं पाणी छोट्या बाटलीत आणलं होतं, मला सांगितलंही नव्हतं, तिथं कुंडिकेपुढं म्हणजे उगमाच्या छोट्या कुंडापुढं ती बाटली हातात धरून ती बराच वेळ उभी होती. याच ब्रह्मगिरीवर 2020 च्या ऑगस्टमध्ये दरड येऊन पुजाऱ्यांचं घर गाडलं गेलं. ट्रेक करणाऱ्यांसाठी कक्कबेजवळच तडियंडमोल आहे, 1748 मीटर, म्हणजे कळसूबाईपेक्षा शंभरेक मीटर जास्त, पण चढ सोपा, वनखात्याचं तिकीट लागतं, पहाटे निघा.

खाण्याचं म्हणाल तर तांदळाची अक्की ओट्टी म्हणजे आपली भाकरीच, आणि कडंबुट्टू म्हणून तांदळाच्या कण्यांचे गोळे. डुकराचं मटण हे त्यांचं मानाचं जेवण, खात नसाल तर आधी सांगा, कुणी वाईट मानत नाही. जून ते सप्टेंबर जाऊ नका, पाऊस आणि जळवा. कॉफी आणायची तर पाकिटावर चिकोरी (कॉफीत मिसळतात ती भाजलेल्या मुळाची पूड) किती ते वाचा, मिश्रणात 49 टक्क्यांपर्यंत चालते.

मार्चमध्ये साहेबांचा फोन आला, आवाजच वेगळा, "पाऊस झाला". इकडं आभाळ भरून आलेलं, आमची शेवटची द्राक्षं वेलीवर, आणि मी देवाला म्हणत होतो आज नको. त्यांच्या कॉफीला मात्र कळ्या उमलायला हाच पाऊस लागतो, त्यासाठी इग्गुतप्पाला, त्यांच्या पावसाच्या देवाला, नवस बोलतात. आमच्याकडं सुदैवानं नुसता वारा सुटला. नवव्या दिवशी त्यांनी फोटो पाठवला, अख्खा डोंगर पांढरा, आणि खाली लिहिलेलं की वास मोगऱ्यासारखा घरात येतोय. हा फुलोरा तीन-चार दिवसच टिकतो. बघायचा असेल तर आधी तिकीट काढून ठेवू नका, मार्च लागला की तिथल्या माणसाला पावसाची तारीख विचारत राहा, आणि पाऊस झाल्याचं कळलं की त्यात आठ दिवस मिळवून निघा.